नळाच्या पाण्याची तक्रार नीट ऐकायची कशी

(एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेतो. टेबलावर तीन ग्लास आहेत. मागच्या रांगेतून दिसतायत ना? पहिल्यात नळाचं पाणी आहे. दुसऱ्यात आरओ यंत्रातून काढलेलं. तिसऱ्यात तेच आरओचं पाणी, फक्त त्यात मी चिमूटभर मीठ विरघळवलंय. प्रत्येक ग्लासात दोन लोखंडी खिळे सोडलेत, एकमेकांना टेकणार नाहीत असे, आणि त्यांना नऊ व्होल्टची एकेक बॅटरी जोडतोय. झालं. आता त्यांना त्यांचं काम करू द्या, आपण आपलं बोलू.

माझी उभी नोकरी पाणी तपासण्यात गेली. प्रयोगशाळेत तक्रारींचं एक रजिस्टर असायचं आणि त्यात पानामागून पान एकच वाक्य दिसायचं: ‘पाणी खराब येतंय.’ डॉक्टरसमोर बसून पेशंटने ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं, तसलं हे. मग आम्ही उलट फोन करायचो. कुठल्या नळाला येतंय? गार पाण्याला, गरम पाण्याला, की दोन्हीला? सकाळच्या पहिल्या धारेला येतं आणि मग साफ होतं, की बादली भरेपर्यंत तसंच? शेजाऱ्यांकडेही तेच आहे का? ग्लासात घेऊन ठेवलं तर काय होतं? लोक वैतागायचे. ‘प्रश्न कसले विचारता, येऊन बघा ना!’ पण या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पोचायच्या आतच बरेचदा आम्हाला कारण कळलेलं असायचं. आणि उत्तरं मिळाली नाहीत, तर माणूस कारण कळण्याआधीच यंत्र विकत घेऊन मोकळा झालेला असायचा.

सगळ्यात सोप्या तक्रारीपासून सुरू करू. नळ सोडला आणि ग्लासात दुधासारखं पांढरं पाणी आलं. फोन करणारा घाबरलेला असतो, जंतुनाशक पावडर जास्त पडली असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. त्याला सांगायचं: ग्लास टेबलावर ठेवा, हलवू नका, आणि पांढरेपणा कुठून ओसरतो तेवढं बघा. तळाकडून वरवर साफ होत गेलं तर ती हवा. पाइपात पाणी दाबाखाली असतं, आणि दाबाखाली त्यात हवा जास्त विरघळते. नळातून बाहेर पडताच दाब सुटतो आणि ती हवा बुडबुड्यांच्या रूपाने निसटायला लागते. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर होतं तेच, फक्त इथले बुडबुडे इतके बारीक की एकेकटा दिसत नाही. ते वर चढतात म्हणून पाणी खालून नितळ होत येतं. दोन-चार मिनिटांत खेळ खलास. लाइनच्या दुरुस्तीनंतर हे हटकून होतं आणि थंडीत जास्त होतं, कारण गार पाण्यात हवा जास्त मावते.

उलट, पांढरेपणा वरून ओसरला आणि तळाशी साका बसला, तर तो क्षार किंवा गाळ. आणि तासाभरानेही ग्लास तसाच धुरकट राहिला, तर मात्र कान टवकारायचे. हे मातीचे इतके बारीक कण असतात की ते आपलेआप बसतच नाहीत. त्यांच्यावर एकसारखा विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी तो भार नाहीसा करते, म्हणून ती टाकल्यावर ते एकत्र येऊन जड होतात. असल्या गढूळपणात जंतूंना आडोसा मिळतो आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच कणांवर खर्च होतं. गढूळपणा मोजायचं एकक एनटीयू. साधारण ४ एनटीयूच्या पुढे तो डोळ्याला जाणवतो. शुद्धीकरण केंद्राने मात्र १ च्या खाली राहायचं असतं. म्हणजे तुम्हाला दिसेपर्यंत केंद्राची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, किंवा मग केंद्र आणि तुमचा नळ यांच्यामध्ये कुठेतरी माती आत शिरलेली असते.

आता तांबूस पाणी. हे लोखंडाचं काम, पण त्याच्या दोन अगदी वेगळ्या कहाण्या आहेत आणि लोक त्या हमखास एकीत एक मिसळतात.

पहिली कहाणी जमिनीतल्या पाण्याची. खोल जमिनीत प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथलं लोह पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत राहतं आणि त्याला रंग नसतो. रात्री बादली भरली तेव्हा पाणी स्फटिकासारखं होतं, सकाळी बघावं तर तळाशी विटकरी थर आणि वर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा. रात्रीतून कुणी काही टाकलेलं नसतं. हवेतला प्राणवायू मिळाला, विरघळलेल्या लोहाचा गंज झाला आणि तो खाली बसला. तो पापुद्रा बोटाने मोडून बघा. काचेच्या तुकड्यांसारखा फुटून वेगळा राहिला तर तो लोहाचा, आणि फुटून पुन्हा जुळून आला तर तेल असण्याची शंका घ्या. लिटरला ०.३ मिलिग्रॅम एवढं लोह असलं तरी धुतलेल्या कपड्यांवर डाग पडायला लागतात.

दुसरी कहाणी पाइपांची. पाणी निघतं चांगलं, पण वाटेत जुन्या लोखंडी पाइपांच्या आत गंजाच्या गाठी चढलेल्या असतात. सकाळची पहिली बादली तांबूस आणि मग साफ, तर गंज तुमच्या घरच्याच पाइपात आहे, पाणी रात्रभर त्याच्यात मुरत पडलं होतं. दिवसा अचानक सगळ्या इमारतीला तांबूस आलं, तर बाहेर कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवलाय, कुठे पाइप फुटलाय किंवा आग विझवायला एकदम खूप पाणी ओढलं गेलंय. प्रवाहाची दिशा किंवा वेग बदलला की वर्षानुवर्षं तळाशी निजलेला गाळ उठतो. अशा वेळी गार पाण्याचा एक नळ, शक्यतो मीटरला सगळ्यात जवळचा, साफ होईस्तोवर सोडून ठेवायचा. आणि तोवर गरम पाण्याचा नळ उघडायचा नाही, नाहीतर तोच गाळ गीझरच्या टाकीत जाऊन बसेल आणि पुढचे कित्येक दिवस थोडा थोडा बाहेर येत राहील. फक्त गरम पाणीच तांबूस असेल, तर बाहेरच्या लाइनला शिव्या घालण्यात अर्थ नाही. गीझर उघडा.

हे शहाणपण सांगणारा मी, माझी स्वतःची फजिती ऐका. आमच्या घरी एकदा पाण्यात काळे ठिपके यायला लागले. मी म्हटलं, मँगनीज. मँगनीज काळं पडतं, पाइपाच्या आत काजळीसारखा थर धरतं, हे मला पाठ होतं. टाकी रिकामी केली, घासली. ठिपके चालूच. पुन्हा घासली. शेवटी बायकोने एक ठिपका कागदावर घेतला आणि बोटाने चिरडला. काजळासारखा फासला गेला, रबराच्या खोडरबराने पुसल्यावर राहतात तसे तंतू राहिले. ती म्हणाली, ‘हे रबर आहे.’ बेसिनखालची लवचीक नळी आतून झिजत होती. क्लोरीनने रबर कडक होतं, भेगाळतं आणि त्याचे कण सुटायला लागतात. ठिपके त्या एकाच नळाला येत होते. कुठल्या नळाला येतंय, हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारला आणि स्वतःला विचारला नाही.

बाकीचे रंग भराभर सांगतो. गळक्या नळाखाली निळसर-हिरवा ओघळ दिसला तर तांब्याचा पाइप झिजतोय, पाणी बहुधा आम्लाकडे झुकलेलं आहे. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, शॉवरच्या पडद्यावर गुलाबी बुळबुळीत थर आला तर तो पाण्यातून आलेला नाही. सेराटिया नावाचा जिवाणू हवेतून येतो आणि ओल आणि साबणाचा थर सापडला की संसार थाटतो. घासून काढा आणि कोरडं ठेवा, एवढाच इलाज.

वासाकडे येऊ. एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली होती, पाण्याला गटाराचा वास. मी गेलो. नळ सोडला, खरंच वास. मग मी ग्लास भरला आणि तो घेऊन सरळ घराबाहेर गेलो. ते मागे मागे. बाहेर हुंगायला दिला. काही नाही. वास पाण्याला नव्हताच, तो बेसिनच्या मोरीतून येत होता. नळ सोडला की मोरीत पाणी पडायचं, आतली कोंडलेली हवा वर ढकलली जायची आणि वास नेमका पाण्याबरोबर यायचा. वासाच्या कुठल्याही तक्रारीत पहिली चाचणी हीच: ग्लास भरा, त्या जागेपासून लांब जा आणि मग हुंगा.

लांब गेल्यावरही सडक्या अंड्यांचा वास आला तर विचारायचं, गार की गरम? फक्त गरम असेल तर चोर पुन्हा गीझर. टाकी गंजू नये म्हणून काही गीझरमध्ये मॅग्नेशियमचा दांडा असतो. काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि हा दांडा त्यांच्या पथ्यावर पडतो. कोमट पाणी बरेच दिवस नुसतं पडून राहिलं की त्यांची चंगळ.

मातीचा वास ही तक्रार मला सगळ्यात आवडायची. पहिला पाऊस पडल्यावर जमिनीला जो वास येतो ना, त्याला कारण असलेलं जे रसायन, तेच इथेही असतं. त्याचं नाव जिओस्मिन. मातीतले काही जिवाणू ते बनवतात आणि तलाव-धरणांत वाढणारे निळे-हिरवे जिवाणूही बनवतात, ज्यांना आपण शेवाळ म्हणतो. माणसाच्या नाकाला जिओस्मिन ज्या प्रमाणात कळतं ते ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही: लिटरला साधारण १० नॅनोग्रॅम. हिशोब करू. ५० मीटर लांबीच्या पोहण्याच्या मोठ्या तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. तेवढ्या सगळ्या पाण्याला मातीचा वास यायला २५ मिलिग्रॅम जिओस्मिन पुरतं, म्हणजे चिमटीतही येणार नाही एवढं. आमच्या काळी जिओस्मिन मोजायचं साधं यंत्रही नव्हतं. आम्ही आपले एकमेकांना ग्लास हुंगायला द्यायचो. या वासाने अपाय होत नाही. कोळशाचा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड कार्बनचा गाळणा तो बऱ्यापैकी ओढून घेतो. पण वास येतोय म्हणजे वरच्या तलावात शेवाळ माजलंय, आणि त्याच्या काही जाती विषही सोडतात, तेव्हा पाणी पुरवणाऱ्यांनी तलावाकडे बघायला हवं हे खरं.

आणि क्लोरीनचा वास. लोकांना या वासाचा राग येतो. पाण्यात सतत क्लोरीन सोडायला अमेरिकेत पहिल्यांदा सुरुवात झाली ती जर्सी सिटीच्या पाण्यात, १९०८ साली. जॉन लील नावाच्या डॉक्टरने ती केली, तीही आधी कुणाची परवानगी न घेता, आणि मग कोर्टात उभं राहून तिचं समर्थन केलं. न्यायालयाने ते मान्य केलं. विषमज्वरासारखे पाण्यातून येणारे रोग आटोक्यात आले त्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. केंद्रात जंतू मारले की काम संपत नाही. नळापर्यंतच्या प्रवासात पुन्हा जंतू शिरले तर त्यांना भेटायला थोडं क्लोरीन शिल्लक असावं लागतं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे, आणि नाक त्याच्या कितीतरी खालीच कुरकुरायला लागतं. वास नको असेल तर उघड्या तोंडाच्या भांड्यात पाणी काही तास ठेवा, बराचसा उडून जातो. एक खोच आहे: वास फार तिखट, डोळे चुरचुरवणारा असेल तर कधी कधी त्याचा अर्थ क्लोरीन जास्त झालं असा नसून कमी पडलं असा असतो. पाण्यातल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की तो उग्र वास येतो आणि मोकळं क्लोरीन उरत नाही.

क्लोरीनचा वास येतो म्हणून मला शेकड्यांनी फोन आले असतील. वास यायचा बंद झाला म्हणून आजवर एकही आला नाही. खरी काळजी करण्यासारखी तक्रार ती.

जड पाण्यावर फार वेळ घालवत नाही, कारण ते त्रासदायक आहे, धोकादायक नाही. जमिनीतल्या चुनखडीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतं. साबणाचा फेस होत नाही, बादलीच्या कडेला चिकट करडी साय धरते, शॉवरची भोकं बुजतात. त्यातले बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा दगडासारखा थर गीझरच्या कॉइलवर बसतो. त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसून विरघळतो. जड पाण्याने मुतखडा होतो असं फार लोक ठामपणे सांगतात. तसा पुरावा नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याची म्हणून मर्यादाच घातलेली नाही. फार मऊ पाणी बरं असंही नाही, ते पाइपांचा धातू खायला लागतं.

आता ग्लासांकडे बघू. तसं अर्ध्या तासाला थोडं कमीच झालंय. नळाच्या पाण्यात बघा, पिवळट-हिरवट फेस, खिळ्याभोवती तपकिरी ढग. आरओचं पाणी जवळजवळ तसंच नितळ. हा खेळ घरोघरी जाऊन दाखवतात, घरच्या विजेवर चालणारं तयार उपकरण घेऊन. दोन मिनिटांत नळाचं पाणी चिखल होतं, आणि ‘बघा, तुमची मुलं हे पितात’ असं म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. पण तिसरा ग्लास बघा. त्याच शुद्ध आरओच्या पाण्यात मी फक्त मीठ टाकलं होतं. तो सगळ्यात घाणेरडा झालाय! ही घाण पाण्यातली नाहीच. ती खिळ्यांची आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की एक खिळा विरघळतो, त्याचं लोखंड बाहेर येऊन गंजतं. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, म्हणून खिळा शाबूत. पाण्याची घाण बाहेर काढून दाखवतो म्हणणारा माणूस प्रत्यक्षात आपलंच लोखंड पाण्यात घालत असतो.

टीडीएस मीटरचंही असंच. पेनसारखं ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. किती आहे ते सांगतं, काय आहे ते सांगत नाही. निरुपद्रवी कॅल्शियममुळे आकडा ४०० येईल, आणि आकडा ५० असलेल्या पाण्यात पटकीचे जंतू सुखाने नांदतील. जंतूंना टीडीएस नसतो. तरी लोक आकडा खाली यावा म्हणून आरओ बसवतात. क्षार जास्त असतील, फ्लोराइड किंवा आर्सेनिक असेल तर आरओसारखं साधन नाही. पण नसतील तर ते खूप पाणी मोरीत सोडून देतं, आणि त्याच्यातला कार्बनचा टप्पा क्लोरीनही काढून टाकतो. मग आतल्या छोट्या टाकीत साठलेल्या पाण्याला कुणाचंच संरक्षण नसतं. वेळेवर न बदललेली कार्ट्रिज म्हणजे तर जंतूंचा पाळणा. अतिनील किरणांच्या, म्हणजे यूव्ही यंत्राचीही एक अट आहे: पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात कणांच्या सावलीत जंतू वाचतात.

आतापर्यंत बोललो ते दिसणारं, वासाचं, चवीचं. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवर एक हातपंप होता. त्याचं पाणी नितळ आणि चवीला चांगलं म्हणून नावाजलेलं होतं. एक विधवा बाई तिथून काही मैल दूर हॅम्पस्टेडला राहायला गेली होती, पण तिला चव लागली होती याच पाण्याची. रोज बाटली भरून मागवायची. तिच्या आसपास पटकीचा मागमूस नव्हता, आणि ती पटकीने गेली. साथीचा माग काढणाऱ्या जॉन स्नो या डॉक्टरला त्या एका मृत्यूने जो धागा दिला तो त्याने मृत्यू टिपलेल्या नकाशावरच्या शेकडो ठिपक्यांइतकाच मोलाचा होता. त्या पंपाच्या विहिरीला शेजारच्या घराच्या शौचकूपातून पाझर होता. चवीने तो ओळखला नाही.

म्हणून जंतूंसाठी जीभ आणि डोळा बाजूला ठेवायचा. आम्ही प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसत नाही. ई. कोलाय शोधतो, कारण तो आतड्यात राहतो. तो सापडला म्हणजे विष्ठेशी संपर्क आला, मग बाकीचेही येऊ शकतात. १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. तो घरापर्यंत येतो कसा? बहुतेक वेळा पाइपाला भेग असते आणि शेजारून सांडपाणी वाहत असतं. लाइनमध्ये दाब आहे तोवर भेगेतून पाणी बाहेर गळतं. पुरवठा थांबला, दाब गेला की तीच भेग बाहेरचं आत ओढते. जिथे पाणी ठरावीक वेळीच सुटतं तिथे पहिली काही मिनिटं यासाठीच वाहू द्यायची. आणि लाइनला थेट पंप जोडून पाणी खेचणारे महाभाग असतात ना, ते आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्याही पाइपात ही ओढ निर्माण करतात. शंका असेल तेव्हा उकळणं हा उपाय बिनतोड: खळखळून उकळी आली की एक मिनिट, खूप उंचावर तीन मिनिटं.

पण उकळण्याने सगळं जातं ही समजूत महागात पडते. नायट्रेट जात नाही, आर्सेनिक जात नाही, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना नायट्रेटचं पाणी किती घातक, हे अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरने १९४५ साली दाखवून दिलं. बाळं निळी पडत होती. त्यांचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. आणि बांगलादेशात तर जंतूंपासून वाचावं म्हणून तळ्याचं पाणी सोडून लाखो कूपनलिका खोदल्या, त्यांचं पाणी डोळ्याला सुंदर होतं. त्यात आर्सेनिक आहे हे १९९३ साली लक्षात आलं. मग तपासून पंप रंगवले: हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. रंग पंपाला द्यावा लागला, कारण पाण्याला नव्हता.

फ्लिंटची गोष्ट मात्र याच्या उलट आहे, आणि मला ती जास्त लागते. अमेरिकेतल्या या शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, तलावाच्या पाण्याऐवजी नदीचं घेतलं. नदीचं पाणी धातू खाणारं होतं. पाइपांना आतून संरक्षक थर धरावा म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात, ते घातलं नाही. लवकरच लोक तांबूस पाण्याची तक्रार करायला लागले, पुढे त्याच्या बाटल्या घेऊन सभांमध्ये उभे राहिले. पाणी पिण्याजोगं आहे, असं त्यांना सांगण्यात येत होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये तिथल्या मोटारींच्या इंजिनांच्या कारखान्याने ते पाणी वापरणं बंद केलं, कारण सुटे भाग गंजत होते. आता मघाचं आठवा. तांबूस म्हणजे पाइप झिजतोय. मग त्याच वाटेवर शिशाचे पाइप असतील तर? तेही झिजत असणार, आणि शिशाला ना रंग, ना वास. लोकांना जे दिसत होतं ते लोखंड होतं, मुलांच्या रक्तात जे चढत होतं ते शिसं होतं. तक्रार पहिल्या दिवसापासून बरोबर होती. लोखंडापाशी थांबून पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

शिसं कुठून येतं? जुन्या पाइपांतून, डाख दिलेल्या सांध्यांतून, काही पितळी नळांतूनही. ‘प्लंबर’ हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबम वरून आला. रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात ते जास्त उतरतं आणि गरम पाण्यात आणखी जास्त. म्हणून प्यायला आणि स्वयंपाकाला गीझरचं पाणी घ्यायचं नाही, वेळ वाचतो म्हणूनसुद्धा नाही. सकाळची पहिली धार झाडांना, फरशीला.

तपासणीसाठी नमुना घेणार असाल तर शेवटचं ऐकून जा, कारण इथे चुका फार होतात. क्षारांसाठी, नायट्रेटसाठी स्वच्छ लिटरभराची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून काठोकाठ भरायची. शिशाची शंका असेल तर उलट: नळ रात्रभर बंद ठेवायचा आणि पहिलीच धार घ्यायची. जंतूंसाठी आणखी वेगळं. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, धातूचा नळ असेल तर ज्योतीने शेकायचा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, मग प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली ऐन वेळी उघडायची. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. वर थोडी जागा सोडायची आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची. त्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी दिसेल. मला भेटलेल्या चांगल्या, स्वच्छतेच्या माणसांनी ती घाण समजून विसळून टाकली होती. ती सोडियम थायोसल्फेट असते. पाण्यातलं क्लोरीन ती तिथल्या तिथे संपवते, नाहीतर बाटली आमच्याकडे येईपर्यंत क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि तुमच्या नळाला होते ते आम्हाला सापडत नाहीत. ती बाटली विसळू नका.

आता प्रश्न घेऊ. आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी त्या बॅटऱ्या काढा, तिसऱ्या ग्लासातला खिळा संपत आलाय.